सादी घडी

जेबाजोळ त्या दिवशी फक्त आठ घंटे उरले होते. आठ घंटे निभले, संध्याकाळी शटर खाली ओढलं अन् तोवर एकबी तक्रार आली नाही, तर दुकान तिचं. आली, तर साजिदचं. जेबाच्या अब्बानं, जफरभाईनं, तसंच ठरवलं होतं, अन् त्यायनं एकदा ठरवलं का मंग घरात कोणाची टाप नाही बोलाची.

झालं असं होतं, का आर्णीच्या बस स्टँडसमोर जफरभाईचं घड्यायचं दुकान. तीस वर्षं एकाच स्टुलावर बसून, डोळ्यात भिंग अडकवून माणसानं लोकायच्या घड्या दुरुस्त केल्या, अन् त्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरला. यवतमाळले ऑपरेशन झालं, डॉक्टरनं सांगतलं, पंधरा दिवस घरी बसा. मंग दुकानात कोण बसन? साजिद, जेबाचा मोठा भाऊ, तो म्हणे, "बंदच करा ना अब्बा. आता घडी कोण घालते? मोबाईलचे कव्हर ठेवू, चार्जर ठेवू, पोट्ट्यायची लाइन लागन." अन् खरं सांगाचं तर त्याचं बोलणं काही अगदीच खोटं नव्हतं. पण जेबा मधातच बोलून गेली, "मी बसतो."

साजिद इतका हासला का त्याच्या हातातला चहा सांडला. जफरभाई नाही हासले. डोळ्यावरची हिरवी पट्टी चाचपत म्हणाले, "पंधरा दिवस बस. एक गिऱ्हाईक जरी तक्रार घेऊन उभं राह्यलं, तर चाबी साजिदले. नाही राह्यलं, तर तुले. मंग कोणं काही बोलाचं नाही."

चौदा दिवस बिनबोभाट गेले. जेबानं सेल बदलले, पट्टे बसवले, एका म्हाताऱ्याची बंद पडलेली चावीची घडी चालू करून देल्ली तर तो दुकानातच तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. आज पंधरावा दिवस. अन् पंधराव्या दिवशी, सकाळी दहा चाळीसले, बेबीकाकूचा फोन आला.

बेबीकाकू म्हणजे माहूर रोडवरच्या तांड्यातल्या बबनरावची बायको. तिच्या घरची एकूणएक घडी जफरभाईच्या हातची. आज तिच्या पोरीचा, खुशीचा साखरपुडा होता, अन् जावयाची घडी जेबाच्याच दुकानातून गेली होती. काल संध्याकाळी काकूनं फोन करून सांगतलं होतं, मागं पिठाची चक्की घरघर करून राह्यली होती, "जेबा, माय, जावयासाठी एक सादी घडी बांधून ठेव. सकाळी अक्षय येते घ्याले." जेबानं बांधून ठेवली, सकाळी नवाले खुशीचा भाऊ अक्षय येऊन घेऊन गेला, विषय संपला.

"जेबा, जेवाले येजो बरं," काकू फोनवर ओरडून राह्यली होती. "साडेबाराचा मुहूर्त हाय."

"येतो ना काकू."

"अन् घडी सादीच देल्ली ना तू?"

"हो काकू! सादीचीच देल्ली. अशी झकास हाय का नाही, सारा मांडव पाहीन."

"झकास नोको वो माय! मी सादी म्हटली तुले. पांढरी डायल, काळे आकडे, चमकधमक काही नाही. आमचे व्याही, धावजी गुरुजी, रिटायर मास्तर हायेत. त्यायले भपका खपत नाही. मोठ्या पोराच्या सोयरिकीत समोरच्यानं सोनेरी घडी देल्ली, तर माणूस भरल्या ताटावरून उठला. सोयरीक मोडली ते मोडलीच. म्हणून तर मी तुले काल दोनदा म्हटलं, सादी, सादी."

जेबाच्या पायाखालची फरशी सरकली.

कारण जेबाच्या घरात लग्नाले काय म्हणते? सादी. शादीतला श त्यायच्या घरात कोणाच्याच जिभेवर बसत नाही. मामू की सादी, सादी का खाना, सादी का जोडा. अन् दुकानात तर सादीच्या घड्यायचा एक पुरा खण हाय. सोनेरी चेन, पेढ्याएवढी डायल, बाराच्या जागी लाल खडा, मखमलीची डब्बी. जावई, साखरपुडा अन् सादी, हे तीन शब्द एकामागं एक कानावर पडल्यावर जेबानं दुसरा काही विचारच केला नाही. त्या खणातली सगळ्यात चमकणारी घडी काढली. चांदीचा कागद लावला. वरून रिबिनीचं फूलबी केलं.

"जेबा? ऐकून राह्यली ना वो?"

"हो काकू," जेबा बोलली. "सादीच हाय."

आता हे ती काहून बोलली, ते तिचं तिलेबी समजलं नाही. तोंडातून निघून गेलं. तिकडून फोन कटला, अन् मंग तिच्या ध्यानात आलं का आपण चुकलो ते एक, अन् वरून खोटं बोललो ते दुसरं.

साजिद दुकानातच होता, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मोबाईलमंधी डोकं घालून. "कोणाचा फोन?"

"बेबीकाकूचा. जेवाले बोलावलं."

"मंग तोंड असं काहून झालं? जेवाले बोलावलं का फाशी देल्ली?"

जेबा काउंटरच्या खाली वाकली अन् खुशीले फोन लावला. खुशी अन् ती कॉलेजात एका बेंचवर बसत. पाचव्या रिंगले फोन उचलला.

"खुशी, तुह्या नवऱ्याचं मनगट कसं हाय?"

"आँ?"

"मनगट, मनगट! जाडं का बारीक?"

"जेबा, तू शुद्धीवर हायेस का? अथी माहे केस ओढून राह्यल्या साऱ्याजणी, हातावर मेंदी, फोन खांद्यात धरला मी..."

जेबानं दोन वाक्यात सांगून टाकलं.

"सोनेरी?" खुशी हळूच म्हणे.

"हो."

"खडाबी हाय?"

"एकच हाय."

"माय वो... जेबा, मेलो मी. त्याचा बाप उठून जाईन."

"रडू नोको, काजळ पसरन. ती डब्बी कुठी हाय?"

"याडीनं ताटात ठेवून खोलीले कुलूप लावलं. साडेबारालेच काढन."

याडी म्हणजे आई. मंग डब्बी आता कोणाच्याच हाती लागत नव्हती. जेबानं भिंतीवर पाह्यलं. भिंतीवर बावीस घड्या, अन् बावीसबी घड्या सांगत होत्या का पावणेअकरा वाजले. "मी दुसरी घेऊन येतो," ती म्हणाली. "पण अंदाजानं नाही आणणार आता. तू मले त्याचं सारं सांग. अन् फोटो पाठव, हात दिसन असा."

फोटो आला. देवीलाल, म्हणजे खुशीचा होणारा नवरा, कुठीतरी टपरीवर पोहे खाऊन राह्यला होता. जेबानं फोटो मोठा केला. चमचा डाव्या हातात. अन् उजव्या मनगटावर उन्हानं काळा न पडलेला एक गोरा पट्टा, बोटभर रुंद.

"डावखुरा हाय हा?"

"हो. तुले कसं समजलं?"

"पयलेची घडी काय झाली त्याची?"

"पट्टा सडला. लॅबमधी रक्त तपासते ना तो, दिवसातून वीसदा हात धुते. चामड्याचा पट्टा टिकतच नाही म्हणे."

"चेन?"

"चेन केस ओढते. अन् जाड घडी असली तर हातमोजे अडकतात, फाटतात."

"आकडे पाह्यजे का नुसत्या रेघा चालतात?"

"आकडे. सारेच्या सारे बारा. तो म्हणते, रेघायची घडी म्हणजे मैलाचा दगड नसलेला रस्ता, कुठवर आलो ते समजतच नाही."

"तारखेची खिडकी?"

"नोको. म्हणते, महिना तीसचा असला का ती खोटं बोलते, अन् मंग आपणच तिले सुधरवत बसा. पण सेकंद काटा पाह्यजेच. टेस्टचा टाइम मोजा लागते त्याले."

जेबाले तेवढ्या घाईतबी राहवलं नाही. "खुशी, दोन महिन्यांपासून तुम्ही रोज फोनवर हेच बोलता काय वो?"

"मंग काय बोलू? त्याले दुसरं काही बोलताच येत नाही!" अन् खुशी एकदम हुंदका देल्ल्यासारखी हासली. "पण जेबा, मले तोच पाह्यजे. जल्दी ये."

जेबा उठली. सगळ्यात पयले तिचा हात गेला तो तिच्या सोताच्या आवडीच्या घडीवर. दुधावरच्या सायीसारखी डायल, दोनच काटे, आकडा नाही, रेघ नाही, इतकी पातळ का बाहीखाली असून समजणार नाही. तिचं चाललं असतं तर साऱ्या जिल्ह्याच्या मनगटावर तिनं तेच एक घडी बांधली असती. याच्याहून सादी काय असते? पण त्यात सेकंद काटा नव्हता, अन् देवीलालले तिथी रस्ताच सापडला नसता. जेबानं ते वापस ठेवली. ठेवताना जिवावर आलं.

मंग एक पाह्यली, डायल बरी, पण बाजूले तारीख. एक पाह्यली, आकडे बरे, पण घडीचं खोकं दोन पोळ्या एकावर एक ठेवल्यासारखं जाड. वरच्या खणात, मागं, अब्बानं कधीकाळी आणून ठेवलेली एक सापडली. पांढरी डायल, काळे बारा आकडे, सारे सरळ, नटवे नाही. निळा बारीक सेकंद काटा. स्टीलचं पातळ खोकं. हेच! पण पट्टा चामड्याचा.

तिनं निळा कापडी पट्टा काढला, विणलेला, धुतला का सुकते असा. जुना पट्टा सोडवाले पिन दाबली, अन् ते टणकन उडाली. टाचणीच्या अर्ध्याएवढी ते पिन. जेबा गुडघ्यावर. स्टुलाखाली नाही. कपाटाखाली नाही. अकरा चाळीस.

"काय शोधून राह्यली?" साजिद उठून आला. त्यानं काउंटरवर पाह्यलं, उघडी घडी, चांदीचा कागद, रिबिन. त्याले समजाले वेळ नाही लागला. "कोणाची चुकली? बेबीकाकूची?"

जेबा जमिनीवरूनच बोलली, "हो."

"म्हणजे तक्रार आली."

"आली नाही. येऊन राह्यली."

साजिद खुर्चीत टेकून बसला. त्याच्या तोंडावर असं हासू होतं का जेबाले वाटलं फेकून मारावं काहीतरी. "मंग मी आरामात बसतो ना अथीच. संध्याकाळी चाबी घेतो."

"बस." जेबानं पिन शोधणं सोडलं, दुसऱ्या एका घडीची पिन काढली, ह्या घडीत घातली. ह्यावेळेस बसली. "मी ऑटोनं जातो. पण एक सांगतो भाई. खुशीची सोयरीक जर आपल्या दुकानाच्या घडीनं मोडली, तर त्या रोडवरचं एकबी घर तुह्यापासून चार्जर घेणार नाही. दुकानावर पाटी एकच हाय. तू बस का मी बसो."

साजिदनं बोटं वाजवले. मंग उठला, गाडीची चाबी घेतली अन् म्हणे, "चल. पण मी तुह्यासाठी नाही चाललो."

"मले माहीत हाय."

डब्बीले तसाच कागद, तसंच रिबिनीचं फूल. शटर अर्धं ओढलं, शेजारच्या टेलरले सांगतलं, अन् निघाले. सोळा किलोमीटर. माहूर रोडपर्यंत गाडी उडली, पण डाव्या हाताले तांड्याकडे वळले अन् समोर रस्ताभर तूर. लोकायनं वाळलेल्या तुरीच्या पेंढ्या डांबरावर पसरल्या होत्या, गाड्यायच्या चाकाखाली आपोआप दाणे निघतात म्हणून. साजिदनं गाडी घातली अन् मागचं चाक सापासारखं फिरलं. जेबानं एका हातानं डब्बीची पर्स छातीशी धरली, दुसऱ्या हातानं भावाचा शर्ट.

"हळू, हळू!"

"हळू जाऊ का जल्दी जाऊ? एक काय ते सांग!" तो ओरडला. मंग तूर संपल्यावर, थोडा मागं वाकून म्हणे, "ऐक. तिथी तोंड उघडू नोको. गर्दीत जाजो, एक डब्बी उचल, एक डब्बी ठेव. कोणाच्या बापाले समजत नाही."

जेबाले ते पटलं. खरंच पटलं. सारा रस्ता ती तेच म्हणत होती मनात, एक उचल, एक ठेव. कोणाले समजलं नाही तर तक्रार नाही, अन् तक्रार नाही तर दुकान आपलं.

तांड्यात पोचले तर बारा चोवीस. मांडवात डीजे धडधडून राह्यला होता, इतका का छातीतलं काळीज कोणतं अन् डीजे कोणता ते समजत नव्हतं. पाहुणे येऊन बसलेले. समोर, सगळ्यात पुढच्या खुर्चीवर, पांढरं धोतर, पांढरी टोपी, ताठ पाठीचा एक माणूस. कोणं सांगाची गरजच नव्हती. धावजी गुरुजी. बाजूच्यायच्या अंगावर नवे कपडे, ह्यायच्या अंगावर धुतलेले.

जेबा घरात शिरली. खोलीचं कुलूप उघडलेलं. अक्षय ताट घेऊन बाहेर निघतच होता.

"अक्षयदादा, एक मिनिट ठेवजो ते ताट."

"आता? याडी मारन मले."

"दादा, खुशीची शप्पथ हाय."

त्यानं तिचं तोंड पाह्यलं अन् ताट खाटेवर ठेवलं. नारळ, पान, कपडे, मिठाई, अन् मधात चांदीचा कागद. अक्षय दाराकडे तोंड करून उभा राह्यला. जेबानं पर्स उघडली, नवी डब्बी हातात घेतली, दुसरा हात ताटातल्या डब्बीवर ठेवला.

"अवं, आली का माय तू!" बेबीकाकू. मागच्या दारातून. "फूल सरकलं काय? राहू दे, राहू दे, छान दिसते." अन् तिनं ताट उचललं, जेबाचा हात रिबिनीवरून घसरला, अन् काकू निघाली बी मांडवाकडे. एवढं सारं एका श्वासात.

जेबा मागं पळाली. बायायच्या गर्दीत तिचा दुपट्टा एका खुर्चीत अडकला, तिनं ओढला, फाटला. डीजे बंद झाला. अन् जेबाले वाटलं, चालू होता तवा बरं होतं. समोर देवीलाल पाटावर बसला होता, बारीक, घामेजलेला. खुशी त्याच्या बाजूले, मान खाली, पण डोळे वर, जेबाले शोधून राह्यलेले. काकूनं ताट खाली ठेवलं. अन् रीत अशी का पयले वस्तू व्याह्याच्या हातात. गुरुजीनं चश्मा लावला अन् चांदीची डब्बी उचलली.

साजिद मांडवाच्या खांबापाशी होता. त्यानं जेबाकडे पाह्यलं अन् मान हलवली. नोको. चूप राह्य.

गुरुजीनं रिबिनीचं टोक धरलं.

"थांबा काका!"

दोनशे तोंडं फिरली. जेबाले तिचाच आवाज ओळखू नाही आला.

"ती घडी चुकीची हाय. उघडू नोका. चूक माही हाय, बेबीकाकूची नाही. खरी घडी हे हाय."

बेबीकाकूचा हात तोंडावर गेला. गुरुजीनं जेबाकडे पाह्यलं, हातातल्या डब्बीकडे पाह्यलं, अन् शांतपणे रिबिन ओढली. कागद उघडला. मखमल उघडली. दुपारच्या उन्हात ती घडी अशी चमकली का पयल्या लाइनीतल्या एका बाईनं डोळे मिटले.

"हे कोणं मांगतलं?" गुरुजी म्हणाले. आवाज वाढवलाबी नाही. बबनराव खुर्चीतून अर्धे उठले अन् तसेच अर्धे राह्यले.

"कोणंच नाही मांगतलं," जेबा म्हणाली. "मी ऐकलंच तसं."

"समोर ये. नाव?"

"जेबा. आर्णीच्या जफर घडीवाल्याची पोरगी."

"कोणता शब्द चुकला?"

"सादी."

"वाक्यात उपयोग करून सांग."

कोणीतरी मागं फिसकन हासलं, पण गुरुजीचं तोंड पाहून तिथीच दाबलं. ते मजाक नव्हते करत. जेबा शाळेत उभी राह्यल्यासारखी हात सरळ सोडून उभी राह्यली.

"बेबीकाकूनं जावयासाठी सादी घडी मांगतली," ती म्हणाली. "आमच्या घरात लग्नाले सादी म्हणते. म्हणून मी काकूले सादीची घडी देल्ली."

"अन् हे तुले कवा समजलं?"

"दहा चाळीसले."

"काकूले कवा सांगतलं?"

"नाही सांगतलं. काकूनं विचारलं तवा खोटं बोललो."

मांडवात कुजबुज उठली. गुरुजीनं हात पुढं केला. "दुसरी आण."

तिनं देल्ली. त्यायनं उघडली. बराच वेळ पाह्यली. डायल पाह्यली, उलटी केली, पट्टा दोन बोटात चोळला. मंग काहीबी न बोलता पोराकडे सरकवली. देवीलालनं उजवा हात पुढं केला अन् घडी बांधली. दुसऱ्याच भोकात बसली. त्यानं मनगट फिरवलं, कानापाशी नेलं, मंग निळ्या काट्याकडे पाहात राह्यला. पुरा एक मिनिट. दोनशे माणूस त्याच्याकडे पाहून राह्यलं होतं अन् तो घडीकडे.

"बापू," तो म्हणाला, "हे राहू द्या."

"का?"

"सारे बारा आकडे हायेत."

खुशीनं मान अजून खाली घातली. तिचे खांदे हालून राह्यले होते, अन् ते रडणं नव्हतं. गुरुजीनं चश्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. "बबनराव, उभे काहून? बसा. अन् ते सोनेरी वापस द्या दुकानाले." मंग नारळ हातात घेतला. डीजेवाल्यानं डीजे लावला. सोयरीक झाली.

पण जेबाचं कुठी संपलं होतं? बेबीकाकू गर्दीतून येऊन राह्यली होती, लाल तोंड करून, अन् येता येता फोन लावून राह्यली होती. काकू फोन कधी कानाले लावत नाही, स्पीकरवरच बोलते.

"हॅलो, जफरभाई? बेबी बोलतो. तुमच्या पोट्टीनं आज माह्या व्याह्यासमोर माही इज्जत काढली. मले म्हणे सादीच हाय, सादीच हाय, अन् डब्बीतून निघालं काय तर दसऱ्याचं सोनं!"

तिकडून जफरभाई म्हणाले, "म्हणजे तुमची तक्रार हाय."

जेबा फोनकडे पाहात राह्यली. साजिद खांब सोडून जोळ आला.

"हाय! शंभरदा हाय!"

"ठीक. जेबा तिथी असन. तिले सांगा, चाबी साजिदले दे."

जेबानं पर्समधून चाबी काढली. पंधरा दिवसांत तिनं त्या चाबीले लाल धागा बांधला होता. साजिदनं हात पुढं केला. तिनं ठेवली.

"चाबी कायची वो?" काकू म्हणे.

"दुकानाची, काकू," साजिद म्हणाला. "एक तक्रार आली का दुकान मले, असं ठरलं होतं. आता मोबाईलचे कव्हर लावतो."

"अन् घड्या?"

"घड्या कोण घालते आता?"

बेबीकाकूनं त्याच्याकडे असं पाह्यलं, जसं त्यानं तिच्या वरणात पाणी ओतलं. मंग फोन तोंडापाशी आणला. "जफरभाई, ठेवू नोका. तक्रार कोणाची?"

"तुमची."

"मंग निकाल मी लावन. तुम्ही मधात कोण? मे महिन्यात माह्या पोरीचं लग्न हाय. दोन्हीकडच्या मानाच्या पाच घड्या आणा लागते. त्या ह्याच पोट्टीनं आणाच्या. एकेकाच्या घरी जाऊन, मनगट पाहून, विचारून. एक जरी चुकली तर मी सोता आर्णीले येऊन चाबी साजिदच्या हातात ठेवन. तोवर तिच्याजोळ. हे तिची शिक्षा."

"म्हणजे तक्रार वापस घेऊन राह्यल्या तुम्ही?"

"कायले घेऊ? फजिती झाली ते झालीच ना! तक्रारबी राहू द्या अन् पोट्टीबी राहू द्या."

साजिदची मूठ चाबीवर अशी आवळली होती का बोटं पांढरी पडली.

"मे पर्यंत," जफरभाई म्हणाले. "एक चुकली, तर मंग मलेबी फोन करू नोका." अन् ठेवला.

साजिदनं मूठ उघडली. लाल धाग्याचा रंग त्याच्या घामानं तळहाताले लागला होता. "अन् मे पर्यंत मी काय करू?"

"पयले जेवून घे," काकू म्हणाली. "वाढून राह्यले तिकडे."

जेबानं चाबी घेतली. गरम झाली होती. पाच घड्या, पाच मनगटं, पाच घरं, अन् एकात जरी कान फसला तर सारं गेलं. तिनं पर्समधून पेन काढला, चांदीच्या कागदाचा एक तुकडा उलटा केला.

"काकू, पाचातली एक तुमची ना?"

"मंग? पोरीची माय हाय मी."

"हात दाखवा."

"आता? अथी?"

"आता. तुम्हीच म्हणाल्या, पाहून, विचारून."

बेबीकाकूचा राग काही गेला नव्हता. तिनं तोंड तिकडे फिरवलं, मांडवाकडे, जेबाकडे पाह्यलंच नाही. पण एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, अन् मनगट पुढं केलं.